अस्गार्डचा बखरकार

२००८ साली ‘व्हायकिंग : बॅटल फॉर अस्गार्ड’ नावाचा एक व्हिडिओ गेम बाजारात आला. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीने तो घडवला आणि सेगाने प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या यंत्रांसाठी प्रकाशित केला. पुढे २०१२ मध्ये तो संगणकावरही आला. स्कारिन नावाचा तरुण योद्धा, हातात तलवार आणि कुऱ्हाड, समोर मृतांतून उठवलेले सैन्य... खेळणाऱ्याने कापत सुटायचे, एवढाच त्यातला मंत्र. उणिवा भरपूर होत्या. त्याच त्या कामगिऱ्या पुन्हा पुन्हा वाट्याला येत, कथानक तोकडे होते आणि नायकाला स्वभाव असा फारसा नव्हताच. तरीही शेकडो योद्धे एकमेकांवर तुटून पडतात आणि आकाशातून ड्रॅगन आग ओकतो, अशा त्यातल्या मोठ्या लढायांत एक रांगडा आनंद होता. त्या भरात उणिवांकडे सहज काणाडोळा होई.

या खेळात लोकीची मुलगी हेल देवलोकावर सूड उगवायला निघते आणि तिला रोखण्यासाठी फ्रेया ही देवी मरणाच्या दारातल्या स्कारिनला निवडते. स्कारिन ही खेळ रचणाऱ्यांची निर्मिती. पण हेल, फ्रेया, लोकी, देवांचे नगर अस्गार्ड आणि माणसांची भूमी मिडगार्ड ही सारी नावे फार जुनी आहेत. ती आज जगभर ठाऊक आहेत त्याचे मोठे श्रेय तेराव्या शतकातल्या एका आइसलँडवासीयाला जाते. तो व्हायकिंग नव्हता. व्हायकिंगांचा काळ सरून दीडशे वर्षे झाल्यावर तो लिहीत होता. त्या देवांवर त्याची श्रद्धाही नव्हती. तो ख्रिस्ती होता. तलवारीपेक्षा करारनामा, खटला आणि सोयरीक ही त्याची खरी शस्त्रे होती. जमीन, पैसा आणि मानाच्या पदव्या यांचा त्याला विलक्षण लोभ होता, आणि अखेर त्या लोभानेच त्याला आपल्या घराच्या तळघरापर्यंत नेऊन पोहोचवले. त्याचे नाव स्नोरी स्टुर्लुसन.

स्नोरीचा जन्म ११७९ साली पश्चिम आइसलँडमधील ह्वाम्मुर येथे झाला. तेव्हाचे आइसलँड हा एक वेगळाच देश होता. नवव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांवरून आलेल्या लोकांनी तो वसवला होता. तिथे राजा नव्हता, सैन्य नव्हते आणि शहर म्हणावे असे एकही गाव नव्हते. ९३० सालापासून दर उन्हाळ्यात ‘आल्थिंग’ ही सर्व देशाची सभा भरे. तिथे कायदे होत आणि न्यायनिवाडेही होत. मात्र निवाडा अमलात आणणारी सरकारी यंत्रणा नसल्याने ते काम ज्याचे त्यानेच करायचे असे. सत्ता होती ती सरदारांच्या हाती. इसवी सन १००० च्या सुमारास या देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. स्नोरी जन्मला तेव्हा पूर्वीची अनेक लहान सरदारकी घराणी मागे पडून मूठभर बलाढ्य घराण्यांच्या हाती देश जाऊ लागला होता. त्यातलेच एक स्टुर्लुंग घराणे. स्नोरीचा बाप स्टुर्ला हा त्या घराण्याचा मूळ पुरुष, मोठा धूर्त आणि भांडखोर.

या बापाच्या एका भांडणातूनच स्नोरीच्या आयुष्याला वळण मिळाले. वारसाहक्काच्या एका वादात रेकहोल्टचा धर्मगुरू पाल सोल्वासन त्याच्या विरोधात होता. वाटाघाटी लांबत चालल्या तेव्हा पालची बायको संतापून सुरा घेऊन धावली आणि तिने स्टुर्लाच्या डोळ्यावर नेम धरला. एवीतेवी हा गृहस्थ ओडिनची बरोबरी करू पाहतो आहे, तर त्याला ओडिनसारखा एकाक्ष करून टाकावे, असा तिचा हेतू होता. ओडिन हा जुन्या देवांचा अधिपती. ज्ञानाच्या झऱ्याचा एक घोट मिळावा म्हणून त्याने आपला डोळा दिला, अशी कथा आहे. सुरा डोळ्याऐवजी गालावर लागला. स्टुर्लाने त्याची अवाच्या सवा भरपाई मागितली आणि प्रकरण योन लोफ्टसन या देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित सरदाराकडे गेले. त्याने भरपाई कमी करायला लावली आणि स्टुर्लाचे मन राखण्यासाठी त्याच्या धाकट्या मुलाला आपल्या घरी वाढवण्याची तयारी दाखवली. योनची आई नॉर्वेचा राजा मॅग्नस याची मुलगी होती. अशा घरी मुलाचे संगोपन होणे हा मोठाच मान होता. अशा रीतीने दोन-तीन वर्षांचा स्नोरी ओड्डी येथे राहायला गेला. ११८३ साली बाप वारला, तेव्हा मुलगा परक्या घरी रुळलाही होता.

ओड्डी हे आइसलँडमधील विद्येचे माहेरघर होते. योनचा आजा सेमुंड हा परदेशी शिकून आलेला विद्वान धर्मगुरू. त्याने तिथे अध्ययनाची परंपरा सुरू केली होती. लॅटिन, धर्मशास्त्र, कायदा, राजांच्या वंशावळी आणि त्याबरोबरच ख्रिस्तपूर्व काळातली जुनी कविता, हे सारे तिथे एका छपराखाली नांदत होते. स्नोरीला हा वारसा आपसूक मिळाला. पैशाचा वारसा मात्र मिळाला नाही, कारण बापाच्या मालमत्तेतला त्याचा वाटा आईनेच खर्चून टाकला होता. योन ११९७ साली वारला. दोन वर्षांनी, ११९९ मध्ये, थोरला भाऊ आणि योनचा मुलगा या दोघांनी स्नोरीसाठी एक सोयीचे स्थळ पाहिले. मुलगी हर्दिस, बाप बेर्सी. त्याला लोक श्रीमंत बेर्सी म्हणूनच ओळखत. १२०२ साली बेर्सी वारला आणि स्नोरीच्या हाती बोर्ग हे प्रसिद्ध ठिकाण व सरदारकी आली. तीन शतकांपूर्वी याच बोर्गमध्ये योद्धा-कवी एगिल राहून गेला होता. एगिलची ‘सागा’ ही आइसलँडी गद्याची एक अजरामर कृती मानली जाते आणि ती स्नोरीनेच लिहिली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

बोर्गवर स्नोरीचे समाधान झाले नाही. १२०६ च्या सुमारास तो रेकहोल्टला गेला. ज्याच्या बायकोने स्टुर्लावर सुरा उगारला होता त्या पालच्याच मुलाकडून, त्याच्या म्हातारपणाच्या निर्वाहाची हमी देऊन, स्नोरीने ही जागा करारावर मिळवली. हर्दिस बोर्गलाच राहिली. संसार तिथेच संपला. रेकहोल्टला स्नोरीने तटबंदीचे घर उभारले. जवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून पाणी आणून दगडी कुंडात खेळवले होते. संध्याकाळी मंडळी त्या कुंडात बसून गप्पा मारत. ‘स्नोरीचे कुंड’ म्हणून ते आजही दाखवले जाते. घरातून कुंडाकडे जाण्यासाठी भुयारी वाट होती. उत्खननात तिचे अवशेष सापडले आहेत.

१२१५ साली स्नोरी आल्थिंगचा ‘विधिवक्ता’ झाला. राजा नसलेल्या त्या देशातले हे सर्वोच्च पद. देशाचे कायदे मुखोद्गत असणे आणि दर वर्षी त्यांतला एक तृतीयांश भाग भर सभेत म्हणून दाखवणे, हे विधिवक्त्याचे जुने काम. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो तिथे पोहोचला, यावरून त्याची बुद्धी आणि त्याचे वजन दोन्ही कळतात. १२१८ मध्ये ते पद सोडून तो नॉर्वेला निघाला. तिथल्या गादीवर तेव्हा चौदा वर्षांचा हाकोन होता आणि कारभार पाहत होता स्कुली हा सरदार. स्नोरीने स्कुलीचे मन जिंकले. दोन हिवाळे तो तिकडे राहिला, मधल्या उन्हाळ्यात स्वीडनलाही जाऊन आला.

याच सुमारास नॉर्वेचे व्यापारी आणि ओड्डीचे घराणे यांच्यात खुनापर्यंत गेलेले वैर पेटले होते. त्याचा सूड म्हणून नॉर्वेने आइसलँडवर आरमार धाडण्याची तयारी चालवली. स्नोरीने मध्यस्थी करून ती मोहीम थांबवली. मात्र त्या बदल्यात त्याने एक वचन दिले: आपल्या देशबांधवांना नॉर्वेच्या राजाची सत्ता मान्य करायला आपण राजी करू. राजाने त्याला मानाची पदवी दिली, स्कुलीने जहाज आणि पंधरा भेटवस्तू दिल्या. १२२० साली तो परतला तेव्हा स्वदेशात त्याचे स्वागत संशयाने झाले. त्याने देश वाचवला की विकला, असा प्रश्न लोकांना पडला आणि त्याच्या कवितेची टवाळीही झाली. प्रत्यक्षात स्नोरीने ते वचन पाळण्यासाठी काहीच केले नाही. आपला मुलगा योन याला ओलीस म्हणून नॉर्वेला पाठवले आणि बाकी सारे काळावर सोपवले. संकट आजच्यापुरते टळावे, उद्याचे उद्या पाहू, ही त्याची रीत होती. तिच्यामुळे देशाला चार दशकांची सवड मिळाली, असेही म्हणता येते. हाकोन मात्र हे वचन विसरला नाही.

परतल्यानंतरची दहा-बारा वर्षे हा स्नोरीच्या भाग्याचा काळ. १२२२ ते १२३१ तो पुन्हा विधिवक्ता होता. १२२४ मध्ये त्याने हाल्वेइग या विधवेशी एकत्र संसार आणि भागीदारी केली. ही देशातली सर्वांत धनवान स्त्री. काही वर्षांपूर्वी तिला घोड्यावरून जाताना पाहून तिच्या अवताराला तो हसला होता. आता तिच्या संपत्तीसह तो देशातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. आणि याच वर्षांत, खटले आणि हिशेब यांच्या गर्दीत, तो लिहीत होता.

त्याच्या ‘एडा’ या ग्रंथाची सुरुवात एका स्तुतिकाव्यातून झाली असावी. राजा हाकोन आणि स्कुली यांच्यावर त्याने १०२ कडव्यांचे काव्य रचले आणि त्यात जुन्या कवितेतले नाना छंद वापरून दाखवले. पण ती कविता समजायची कुणाला? जुने दरबारी कवी सोन्याला सोने म्हणत नसत, सिफचे केस म्हणत. आकाशाला यमिरची कवटी आणि जहाजाला समुद्राचा घोडा म्हणत. लोकीने सिफ या देवीचे केस कापले आणि भरपाई म्हणून तिला सोन्याचे केस घडवून आणावे लागले, ही गोष्ट ठाऊक नसेल तर ती ओळ निरर्थक ठरते. ख्रिस्ती धर्म येऊन दोन शतके उलटली होती. युरोपातून नवी गाणी आणि नव्या प्रणयकथा येत होत्या. जुने देव विस्मरणात गेले तर त्यांच्याबरोबर सारी जुनी कविताही मुकी होणार, हे स्नोरीने ओळखले. म्हणून तरुण कवींना शिकवण्यासाठी त्याने पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. आज जगभर वाचला जाणारा हा पुराणग्रंथ मुळात अलंकार आणि छंद शिकवणारे क्रमिक पुस्तक आहे.

ख्रिस्ती लेखकाने मूर्तिपूजकांच्या देवांविषयी लिहायचे ही अडचण होती. त्यावर स्नोरीने कायदेपंडिताला शोभेल अशी पळवाट काढली. प्रस्तावनेत त्याने सांगून टाकले, की हे देव म्हणजे आशियातून, ट्रॉयच्या बाजूने आलेले पराक्रमी राजे. भोळ्या उत्तरवासीयांनी त्यांना देव मानले. एकदा हा खुलासा झाल्यावर त्याची लेखणी मोकळी झाली. गिल्फी नावाचा राजा वेष पालटून अस्गार्डला जातो, एकावर एक मांडलेल्या तीन आसनांवर बसलेल्या तिघांना प्रश्न विचारतो आणि ते उत्तरे देतात, अशी त्याने रचना केली. जग कसे निर्माण झाले इथपासून रॅग्नरॉकच्या युद्धात ते कसे जळून जाईल आणि समुद्रातून पुन्हा हिरवे होऊन कसे वर येईल इथपर्यंत सारे त्या संवादात येते. शेवटी मोठा गडगडाट होतो आणि गिल्फी पाहतो तो उघड्या माळावर एकटाच उभा. वाडाही नाही आणि बोलणारेही नाहीत. सारे मायाजाल होते म्हणायची सोय राहिली आणि गोष्टीही सांगून झाल्या.

त्या गोष्टी त्याने किती रंगून सांगितल्या आहेत! फेनरिर या लांडग्याला बांधण्यासाठी बुटके कारागीर जी दोरी विणतात तिच्यात मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तू असतात. थॉर राक्षसांच्या दरबारात एका म्हातारीशी कुस्ती खेळतो आणि गुडघ्यावर येतो. मागाहून कळते की ती म्हातारी म्हणजे प्रत्यक्ष वार्धक्य होते. खेळातल्या हेलचे मूळ रूपही इथेच सापडते. अर्धे अंग काळेनिळे आणि अर्धे माणसाच्या कातडीच्या रंगाचे. तिच्या ताटाचे नाव भूक आणि सुरीचे नाव दुष्काळ. ओडिनने तिला पाताळातल्या निफ्लहेममध्ये लोटले आणि म्हातारपणाने किंवा आजाराने मरणाऱ्यांवर तिची सत्ता नेमून दिली. फ्रेयाचा अधिकार वेगळा. रणात पडलेल्यांपैकी अर्धे ती आपल्याकडे नेते, उरलेले अर्धे ओडिनच्या वल्हालात जातात. मरणासन्न योद्ध्याला हेलविरुद्ध उभा करण्यासाठी खेळ रचणाऱ्यांनी फ्रेयाचीच निवड केली, त्याचा धागा असा आठशे वर्षे मागे पोहोचतो.

स्नोरीचे दुसरे मोठे काम म्हणजे ‘हाइम्सक्रिंग्ला’ हा नॉर्वेच्या राजांचा इतिहास. सोळा सागांचा हा ग्रंथ ओडिनच्या दंतकथेपासून सुरू होतो आणि ११७७ पर्यंत येतो. राजदरबारांत कवींनी राजांच्या समोर जे गायले ते सहसा खोटे असणार नाही, कारण भर सभेत न केलेल्या पराक्रमाची स्तुती ही थट्टाच ठरेल, असा पुराव्याचा तर्क त्याने प्रस्तावनेत मांडला. तेराव्या शतकातल्या इतिहासकाराकडून ही दृष्टी येणे थोडे नाही. नॉर्वेचा विस्तार रोखू पाहणारा हा माणूस नॉर्वेला तिचा इतिहास देऊन गेला.

ज्या हातांनी हे लिहिले तेच हात घरच्या पटावर सोंगट्या हलवत होते. स्नोरीने आपल्या तीन मुली तीन सामर्थ्यशाली सरदारांना दिल्या. हाल्बेरा कोल्बेनला, इंगिब्योर्ग गिसूर थोर्वाल्डसनला आणि थोर्डिस पश्चिमेकडच्या थोर्वाल्डला. जावयांच्या जोरावर देश मुठीत येईल, हा हिशेब होता. तो पुरता फसला. थोर्वाल्डला १२२८ साली शत्रूंनी घरासह जाळले. हाल्बेरा १२३१ मध्ये वारली. इंगिब्योर्ग आणि गिसूर यांचे कधी पटलेच नाही आणि ते विभक्त झाले. त्याच वर्षी नॉर्वेत राहणारा मुलगा योन बर्गनमध्ये दारूच्या नशेत झालेल्या भांडणात जखमी होऊन मेला. दुसरा मुलगा ओरेक्या शूर होता, पण त्याच्या दांडगाईने स्नोरीला शत्रूच अधिक मिळाले. मुलाला त्याचा वाटा तोडून द्यायलाही बापाचा हात चालत नव्हता.

भाऊबंदकीने याहून मोठा घाव घातला. थोरल्या भावाचा मुलगा स्टुर्ला सिग्व्हात्सन हा देखणा, धडाडीचा आणि महत्त्वाकांक्षी होता. १२३० साली काका-पुतण्यांचे सख्य होते. तेव्हा या स्टुर्लाने रेकहोल्टला राहून काकाच्या सागांच्या पोथ्या मोठ्या हौसेने नकलून घेतल्या होत्या. पुढे तो रोमची यात्रा करून नॉर्वेत थांबला. हाकोनने जे काम स्नोरीवर सोपवले होते तेच आता पुतण्याने अंगावर घेतले. १२३६ मध्ये तो मोठी फौज घेऊन रेकहोल्टवर चालून आला. स्नोरी लढला नाही. घर सोडून निघून गेला. स्टुर्लाने ओरेक्याला फसवून पकडले आणि सुर्ट्सहेल्लिर या लाव्हाच्या गुहेत नेऊन त्याचे हालहाल केले. १२३७ साली स्नोरीने देश सोडला आणि पुन्हा स्कुलीचा आसरा घेतला.

पुढच्या वर्षी, २१ ऑगस्ट १२३८ रोजी, ओर्लिग्सस्टादिर येथे आइसलँडच्या इतिहासातली सर्वांत मोठी लढाई झाली. गिसूर आणि कोल्बेन या स्नोरीच्या दोन माजी जावयांनी एक होऊन त्याचा भाऊ, तो पुतण्या आणि इतर पुतणे यांना ठार केले. ही बातमी नॉर्वेत पोहोचल्यावर स्नोरीने परत जायचे ठरवले. हाकोन आणि स्कुली यांच्यात तोवर फाटले होते आणि राजाने त्या उन्हाळ्यात एकाही आइसलँडवासीयाने देश सोडू नये असा हुकूम काढला. स्नोरीने तो मोडला आणि १२३९ मध्ये जहाज हाकारले. आयुष्यभर तडजोडी करत आलेल्या माणसाने उघडपणे केलेली ही एकमेव अवज्ञा, आणि तीही घरी जाण्यासाठी. त्याच वर्षी स्कुलीने बंड केले. १२४० मध्ये तो मारला गेला. स्नोरीचा आश्रयदाता बंडखोर ठरला आणि स्नोरी राजद्रोही. राजाने गिसूरला पत्र धाडले: स्नोरीला नॉर्वेला पाठवावे, येत नसेल तर ठार करावे.

१२४१ च्या जुलैत हाल्वेइग वारली. स्नोरीला तिच्या जाण्याचे फार दुःख झाले, असे त्याच्या चरित्राचे मूळ साधन सांगते. तिच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलांनी आईच्या मालमत्तेतला निम्मा वाटा मागितला. स्नोरीने जमिनींबाबत हात आखडता घेतला. मुले रागावून आपल्या चुलत्याकडे गेली. हा चुलता म्हणजे गिसूर. राजाचे पत्र त्याच्यापाशी होतेच; आता घरचे कारणही मिळाले. स्नोरीला सावध करणारे एक पत्र कुणी गुप्त लिपीत लिहून पाठवले होते. ते त्याच्या हाती पडले, पण कुणालाही वाचता आले नाही. आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या लेखकाला त्याच्या जिवाची किंमत असलेले चार शब्द लागले नाहीत.

२३ सप्टेंबर १२४१ च्या रात्री गिसूर सुमारे ७० माणसांसह रेकहोल्टला आला. स्नोरी झोपायच्या खोलीतून निसटून बाहेर पडला. घरच्या धर्मगुरूच्या सल्ल्याने तो तळघरात उतरला. गिसूरने त्या धर्मगुरूला अभयाच्या बोलण्यात गुंतवले आणि त्यातून स्नोरीचा ठावठिकाणा कळला. पाच जण खाली गेले. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला वार करण्याचा हुकूम दिला. वार करू नये, असे स्नोरी म्हणाला. हुकूम पुन्हा झाला. स्नोरीने पुन्हा तेच म्हटले. मग घाव पडले. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता.

सागांतले वीर मरताना हसतात, कविता म्हणतात, शत्रूला टोमणा मारतात. अशी कित्येक मरणे स्नोरीने आपल्या हाताने लिहिली होती. त्याच्या स्वतःच्या वाट्याला अंधाऱ्या तळघरातली, निःशस्त्र म्हाताऱ्याची साधी विनवणी आली. ती भीती होती, की कायदा जाणणाऱ्याने अखेरपर्यंत घातलेली बंदी होती, यावर आजही मतभेद आहेत. हे सारे लिहून ठेवले ते त्याच्याच दुसऱ्या एका पुतण्याने, स्टुर्ला थोर्डार्सनने. काकाचा लोभ, कचखाऊपणा आणि जमिनीवरून झालेली भांडणे यातले काहीच त्याने झाकले नाही. काकाच्या ग्रंथांविषयी मात्र तो फार थोडे बोलतो. समकालीनांना स्नोरी म्हणजे आधी जमीनदार होता, कवी त्यानंतर.

गिसूरचे पुढे काय झाले? १२५३ साली फ्लुगुमिरी येथे त्याच्या मुलाच्या लग्नाचा सोहळा आटोपत असताना शत्रूंनी घर पेटवले. बायको आणि मुलगे गेले. गिसूर कोठीघरात दह्याच्या आंबट निवळीने भरलेल्या पिंपात लपून राहिला आणि वाचला. लपलेल्या म्हाताऱ्यावर माणसे सोडणाऱ्याला स्वतःलाही लपूनच जीव राखावा लागला. १२६२ ते १२६४ या काळात आइसलँडच्या सरदारांनी नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. स्नोरीने जे वचन दिले आणि टाळले ते अखेर गिसूरच्या हातून पूर्ण झाले. गेलेले स्वातंत्र्य परत यायला १९४४ साल उजाडावे लागले.

स्नोरीने हौसेने जमवलेल्या जमिनी दुसऱ्यांच्या झाल्या, पदव्या पुसल्या गेल्या, सोयरिकी उलटल्या. मागे राहिले ते कातड्यावर लिहिलेले शब्द, आणि तेही थोडक्यात बचावले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका हस्तलिखितात ‘एडा’ स्नोरीने रचला अशी नोंद आहे. ते हस्तलिखित स्वीडनमधल्या उप्साला येथे जपले आहे. ‘हाइम्सक्रिंग्ला’च्या सर्वांत जुन्या पोथीचे मात्र १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत एका पानाखेरीज काही उरले नाही, तिच्या नकला आधीच झालेल्या होत्या म्हणून मजकूर वाचला. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे आपली अस्मिता शोधू लागली तेव्हा तिने याच ग्रंथाचा आधार घेतला. १९४७ साली नॉर्वेने गुस्ताव विगेलांडने घडवलेला स्नोरीचा पुतळा आइसलँडला भेट दिला. ज्या देशाच्या राजाने त्याला मारायला लावले त्याच देशाने दिलेला तो पुतळा आज रेकहोल्टला उभा आहे.

‘एडा’तले देव आता वाग्नरच्या संगीतनाट्यांतून, कॉमिक्समधून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून फिरून आले आहेत. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ आणि २०२२ चा त्याचा पुढचा भाग अशा खेळांनी त्यांना देखण्या रूपात उभे केले. २००८ च्या त्या ओबडधोबड खेळात देव फार बोलत नाहीत; हेल सूड मागते, फ्रेया आज्ञा देते आणि स्कारिन कापत सुटतो. तिथे पडलेला नायक पुन्हा उठतो आणि लढाई नव्याने सुरू होते. त्या देवांची बखर लिहिणाऱ्याला ती सवलत नव्हती. पण ज्या नावांवाचून खेळाची पहिली पायरीही उभी राहिली नसती ती नावे, रेकहोल्टच्या वाफाळत्या कुंडापासून चार पावलांवर बसून, तरुण कवींचा अभ्यास अडू नये म्हणून त्यानेच लिहून ठेवली होती.